अप्पांच्या पानावरचं कोडबळं

म्हैसूरहून परत आल्यापासून कऱ्हाडात जो भेटतो तो राजवाड्याचं विचारतो. दिव्यांचा राजवाडा पाहिलात का, टेकडीवर गेलात का, बागेतली कारंजी कशी होती? यातलं मी काहीही पाहिलेलं नाही. राजवाड्याचे घुमट बसच्या खिडकीतून दिसले, तेवढेच. माझे म्हैसूरचे दिवस गेले ते देवराज मार्केट नावाच्या जुन्या बाजारात, खाण्याच्या गाड्यांवर आणि टोपल्यांपुढे. गावात माझ्या खाण्याची ख्याती मोठी असल्यामुळे लोकांना ही थट्टा वाटते. ते हसतात, मीही हसतो. पण त्या बाजारात माझ्या हातून जे झालं ते उभ्या उभ्या सांगण्यासारखं नाही, म्हणून बसून लिहितो आहे.

शालिनी, माझी बायको, म्हैसूरची. तिचे पूर्वज कधीकाळी तिकडच्या फौजेत चाकरीला गेले आणि तिथलेच होऊन राहिले. फौज गेली, राजे गेले, घरात मराठी तेवढी राहिली, तीही कानडीच्या खांद्यावर हात ठेवून चालणारी. तिचे वडील, अप्पा, गेल्या फाल्गुनात वारले. निरोप आला तसे आम्ही निघालो, पण पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. शालिनीला वडिलांचं तोंड दिसलं नाही. त्यावर ती फारसं बोलली नाही, आणि मीही विषय काढला नाही.

पितृपक्षातल्या अमावास्येला तिकडे मार्लमी म्हणतात. आपल्याकडे महाळाला खीर, वडे, गवारीची भाजी करून आपण कावळ्याची वाट बघतो. शालिनीच्या माहेरी त्या दिवशी मटण शिजतं आणि गेलेल्या माणसाला जे जे आवडायचं ते ते त्याच्या पानावर ठेवतात. विडी लागायची त्याला विडी, तपकीर लागायची त्याला तपकीर. या पानाला ते एडे म्हणतात. त्यांच्या घराची आणखी एक रीत आहे. माणूस गेल्यानंतरच्या पहिल्या मार्लमीला त्याच्या सगळ्यात आवडीचा जिन्नस लेकीनं आणायचा. मुलानं नाही, सुनेनं नाही, लेकीनंच.

अप्पांचा तो जिन्नस म्हणजे देवराज मार्केटात पुट्टम्मा नावाची बाई विकायची ते कोडबळं, आपल्या कडबोळ्याच्या जातीचं तिखट तळण. बॅग भरताना शालिनी मला म्हणाली, "शेवटचं तोंड नाही बघायला मिळालं. हे एवढं त्यांच्या पानावर ठेवलं ना, की मला बरं वाटेल." मी म्हटलं, "त्यात काय अवघड आहे? बाजारात जायचं आणि घ्यायचं." बाजाराचं म्हणाल तर मी स्वतःला त्यातला माणूस समजतो.

पोचलो तो दिवस

गाडीतून उतरल्या उतरल्या शालिनीचं मराठी बदललं. दरवेळी बदलतं. कऱ्हाडात तीस वर्षं काढलेली बाई फलाटावर पाय ठेवताच हमालाशी, रिक्षावाल्याशी आणि चुकून माझ्याशीही कानडीतून बोलू लागते. मग मी नुसता सामान धरणारा उरतो.

तिचा धाकटा भाऊ नागराज शाळेत मास्तर आहे. दारातच उभा होता.

"यावा भावजी, यावा. ऊटा झालं का, जेवण? नाही ना? अक्का, तू स्वल्प बारीक झालीस की ग."

"तूच जाड झालास," शालिनी म्हणाली आणि मग तिची नजर अप्पांच्या रिकाम्या खुर्चीवर गेली. खुर्ची खिडकीपाशी होती तशीच होती. नागराजच्या बायकोनं, मंजुळानं, तिच्यावर टॉवेल वाळत टाकला होता, तो तिनं लगबगीनं उचलला.

जेवताना पुट्टम्माचा विषय निघाला. नागराजनं मान हलवली. "ती आता बसत नाही बहुतेक, अक्का. अप्पा होते तोवर जायचे संध्याकाळचे. मी काही त्या बाजूला जात नाही. दुकानातली आणू की, पाकिटातली. आजकाल चांगली मिळतात, अल्ला?" अल्ला म्हणजे त्यांच्या कानडीत 'नाही का'.

"पाकिटातली नकोत," शालिनी म्हणाली.

त्या संध्याकाळीच आम्ही बाजारात गेलो. दसरा तोंडावर होता. रस्त्याच्या कडेला दिव्यांच्या माळा चढवत होते आणि मिरवणुकीचे हत्ती सरावाला निघाले होते. हत्ती गेल्यावर ट्रॅफिक सुटलं आणि आम्ही मोठ्या घड्याळाच्या बाजूनं मार्केटात शिरलो.

बाजार जुना आहे आणि ते तो लपवत नाही. चुन्याच्या भिंतींचे पोपडे निघालेत, कमानींना कुठे कुठे टेकू दिलेत, वर ताडपत्र्या. पण आत गेलं की हे विसरायला होतं. एका गल्लीत नुसती केळी, लोंगरच्या लोंगर छताला टांगलेली. दुसऱ्या गल्लीत कुंकवाचे, गुलालाचे आणि निळ्या-हिरव्या रंगांचे शंकू. मोगऱ्याला तिथे मल्लिगे म्हणतात आणि हातानं मोजून विकतात. कोपराच्या लांबीनं माळ मोजायची आणि बोटानं तोडायची. आपल्याकडे गजरा नगावर मिळतो, तिकडे तो कापडासारखा मोजून मिळतो याची मला मोठी गंमत वाटली.

आता माझ्या खाण्याबद्दल. आमची कऱ्हाडात गुळाची अडत होती. वडिलांनी मला लहानपणी शिकवलं ते हेच की ढेप चाखल्याशिवाय सौदा करायचा नाही. ढेपेचा खडा मोडायचा, जिभेवर ठेवायचा, खारट आहे का, चुन्याचा अंश जास्त पडलाय का ते ठरवायचं आणि उरलेला खडा ढेपेवरच ठेवून पुढच्या ढेपेकडे जायचं. अडत बंद झाली, हाताची सवय काही बंद झाली नाही. मंडईत मी शेंगा चाखतो, द्राक्षं चाखतो, ओली भुईमुगाची डहाळी दिसली तर तीही सोडत नाही. कऱ्हाडातले विक्रेते मला ओळखतात, ते आधीच हातावर ठेवतात.

देवराज मार्केटात मी बन्नूरचा गूळ चाखला. आपल्यापेक्षा मऊ, रंगानं काळसर, मागून थोडा धुराचा वास. खोबऱ्याची वाटी चाखली. नंजनगुडचं रसबाळे म्हणून एक केळं असतं, बुटकं आणि ठिपक्यांचं, ते विक्रेत्यानं सोलूनच पुढे केलं. इतकं वासाचं केळं मी आयुष्यात खाल्लं नव्हतं. मग एका गाडीवर चुरमुरी. आपल्या भेळेत चिंचेचं पाणी असतं, यात ते नाही. चुरमुऱ्यांना खोबरेल तेलाचा हात, वर किसलेलं गाजर, कच्ची कैरी, कांदा आणि मूठभर शेंगदाणे. खोबरेल तेल म्हटल्यावर मी आधी नाक मुरडलं, मग दुसरा पुडा मागितला. त्याच गल्लीच्या तोंडाशी एक जण लांब हिरव्या मिरच्यांची भजी काढत होता. त्याच्या परातीतली एक मी उचललीच.

"अहो, सारखा हात काय घालता?" शालिनी म्हणाली. "विचारावं तरी."

"विचारून चाखलं तर तो चांगलंच देणार. न विचारता चाखलं की खरं कळतं."

"हे कऱ्हाड नाही."

"भूक तीच आहे," मी म्हणालो. मला वाटलं मी फार छान उत्तर दिलं.

ती मात्र खात नव्हती. केळ्यांची गल्ली संपते तिथे, कुंकवाच्या दुकानांच्या आधी, एका खांबापाशी ती येऊन थांबली होती. त्या खांबाशी आता मोबाईलची कव्हरं टांगलेली होती, झगमगीत, रंगीबेरंगी. "इथंच," ती म्हणाली. "इथं एक पाट होता. अप्पा त्या पाटावर बसायचे. मी या पायरीवर." ती पायरीही उरली नव्हती, फरशी सपाट केलेली होती. कव्हरवाला तिला काय पाहिजे म्हणून विचारू लागला, तेव्हा ती बाजूला झाली.

शेजारी एक म्हातारा विड्याची पानं रचत होता. कोवळी, फिकट पोपटी पानं, ओल्या फडक्याखाली. शालिनीनं त्याला पुट्टम्माचं विचारलं. त्यानं आधी तिच्याकडे नीट पाहिलं आणि मग कानडीत बरंच काही सांगितलं. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की काहीतरी हाती लागलंय.

"येलवालला आहे म्हणे, लेकीकडे," ती मला म्हणाली. "डोळे अधू झालेत. रोज येत नाही. पण जिवंत आहे." एवढं बोलून तिनं माझ्या हातातली चुरमुरी घेतली आणि पहिल्यांदा दोन घास खाल्ले.

येलवाल

येलवाल हुणसूरच्या रस्त्यावर आहे. शहराची वस्ती तिथवर येऊन पोचली आहे, तरी बसमधून उतरल्यावर गोठ्याचा वास येतो आणि घराघरापुढे रांगोळी असते. पुट्टम्माचं घर विचारत विचारत सापडलं. ती ओसरीवर पाय पसरून चिंचा सोलत बसली होती. हातापायानं काटक, दोन्ही डोळ्यांवर धुरकट पडदा.

शालिनीनं अप्पांचं नाव सांगितलं. म्हातारीनं चिंचा बाजूला ठेवल्या, हात पुढे केला आणि शालिनीचा चेहरा चाचपला. मग ती हसायला लागली. हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला. अप्पा गेल्याचं तिला माहीत नव्हतं. ते यायचे थांबले तेव्हा तिला वाटलं, तीच आता रोज बाजारात बसत नाही तर ते तरी कशाला येतील?

मला त्यांचं बोलणं कळत नव्हतं. शालिनी मधून मधून मला सांगायची. अप्पा रोज संध्याकाळी यायचे, पाटावर बसायचे, दोन कोडबळी खायचे, म्हणायचे, "पुट्टम्मा, आज मीठ कमी." रोज तेच. एकदा तिनं खरंच मीठ कमी घातलं तर त्या दिवशी काही बोललेच नाहीत. मला हे ऐकून अप्पा पहिल्यांदाच नीट दिसले. तीस वर्षांत मी त्यांच्याशी पाऊसपाणी आणि गाडीची वेळ यापलीकडे काही बोललो नव्हतो. दोन-तीनदा गेलो, चांगलंचुंगलं खाऊन परत आलो. बाजारात चला म्हणाले असते तर गेलो असतो, पण ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

शालिनीनं मग आपलं काम सांगितलं. पुट्टम्मा लगेच हो म्हणाली. बाजारातल्या काही जुन्या घरांसाठी ती मार्लमीपुरती अजून तळते. अमावास्येच्या आदल्या सकाळी टोपली घेऊन बाजारात जाते, ज्याचं पुडकं त्याला देते. अप्पांचंही करीन म्हणाली. पण ही शेवटचीच. कढईपुढे बसू देत नाही म्हणून लेकीनं यंदा हट्ट धरलाय, पुढच्या वर्षी चूल नाही.

"पहाटे नाहून, ओलेत्यानं, उपाशी बसून तळते म्हणाली," शालिनी मला सांगत होती. "चुलीपाशी कुणाला फिरकू देत नाही. पितरांचं आहे ना."

मी हं हं म्हणत होतो. ओसरीच्या कोपऱ्यात एक दगडी रगडा होता, त्यावर मिरची आणि ओलं खोबरं वाटत असणार, असा मी विचार करत होतो. तिचं बोलणं कानावर पडलं, आत गेलं नाही. निघताना पुट्टम्मानं कोडबळं कसं वळतात ते रिकाम्या बोटांनी हवेत करून दाखवलं. आपल्या कडबोळ्यासारखंच वेटोळं, फक्त टोकं एकमेकांवर दाबलेली. मी म्हटलं, हे आमच्याकडेही करतात, आमच्यात भाजणी असते. शालिनीनं ते कानडीत सांगितलं. म्हातारी म्हणाली, असेल, पण अप्पा खायचे ते माझं कोडबळं, तुमचं नाही. आम्ही सगळेच हसलो.

परतीच्या बसमध्ये शालिनी खिडकीशी बसली होती. बऱ्याच महिन्यांनी तिचा चेहरा सैल पडलेला मी पाहिला. "मीठ कमी," ती आपल्याशीच म्हणाली आणि परत हसली.

अमावास्येच्या आदल्या दिवशी

त्या सकाळी बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. म्हैसूर गाव एरवी आवाज चढवत नाही, पण त्या दिवशी केळीच्या पानांसाठी बायका भांडत होत्या. कोहळे रचलेले, हारांचे ढीग, मटणाच्या दुकानांकडे रांग. शालिनी पानं घ्यायला थांबली. लांब, न फाटलेली, टोकासकट पानं हवी होती आणि ती तिला एकेक उलटून बघायची होती. "तुम्ही पुढे व्हा," ती म्हणाली. "पुट्टम्मा आली असेल तर तिला सांगा, मी आलेच. तिथंच थांबा."

पुट्टम्मा आली होती. कव्हरवाल्यानं आपल्या टेबलाशेजारी तिला गोणपाटाएवढी जागा दिली होती. तिच्यापुढे टोपली, टोपलीत केळीच्या सोपानं, म्हणजे खोडाच्या सालीनं, बांधलेली पुडकी. एक पुडकं तिनं पानावर उघडून ठेवलं होतं आणि कोडबळी वाकडीतिकडी मोडली नाहीत ना ते हातानं चाचपत होती. मला कानडी येत नाही, तरी मी शालिनीचं नाव घेतलं. तिनं ओळखलं. उघड्या पुडक्याकडे बोट दाखवून तिनं अप्पांचं नाव घेतलं, म्हणजे हेच आपलं. मग बाजूला वळून ती गाठोड्यातून दुसरा सोप काढू लागली.

आता यापुढचं मला नीट सांगता येत नाही, कारण मी काही ठरवून केलं नाही. कोडबळी गडद लाल होती, माझ्या अंदाजापेक्षा जास्त. जास्त तळली गेलीत की काय, आतून पोकळ झालीत की काय, असा काहीतरी अडत्याचा विचार मनात आला. हात पुढे गेला. मी एक उचललं, मोडलं, अर्धं तोंडात टाकलं आणि उरलेलं अर्धं, वडिलांनी शिकवल्याप्रमाणे, परत त्या ढिगावर ठेवलं.

कुर्रकन आवाज झाला.

पुट्टम्माचे हात थांबले. तिला दिसलं काहीच नसणार. पण उभा जन्म कोडबळी विकलेल्या बाईला तो आवाज कसला ते सांगावं लागत नाही. तिनं माझ्या दिशेला तोंड केलं. त्याच वेळी पानांची गुंडाळी काखेत घेऊन शालिनी माझ्यापुढे येऊन उभी राहिली. माझं तोंड भरलेलं होतं. खोबरं, हिंग, मिरची, तोंडात विरघळणारा खुसखुशीतपणा, इतकं उत्तम काही मी त्या बाजारात चाखलं नव्हतं. आणि ते गिळायचं की थुंकायचं हे मला कळेना.

"एंजलायितु," पुट्टम्मा हळूच म्हणाली. उष्टं झालं.

मी घाईघाईनं म्हणालो, "अगं एकच घेतलंय. ते बाजूला काढू. बाकीची तशीच आहेत."

शालिनीनं पुडक्यावरचं ते अर्धं कोडबळं पाहिलं. "तोंडातला हात परत आत घातलात ना?"

तिनं म्हातारीला कानडीत काहीतरी विचारलं, अगदी हळू. पुट्टम्मानं टोपलीतल्या दुसऱ्या पुडक्यांवर तळहात ठेवला आणि मान हलवली. ती दुसऱ्यांच्या पितरांची होती, घरागणिक वेगळी बांधलेली. त्यातलं एकही काढून देणं तिला जमण्यासारखं नव्हतं. पुन्हा तळायचं तर पीठ संपलेलं, अमावास्येला तिच्या स्वतःच्या घरी एडे, आणि उपासाचं ते पहाटेचं तळण काय दुपारी होतं? हे सगळं शालिनीनं मला समजावलं नाही. नंतर नागराजनं सांगितलं.

म्हातारीनं ते पुडकं बांधलं आणि माझ्या हातात दिलं. रागावली नाही. काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, आता हे तुम्हीच खा."

शालिनी तिच्या पाया पडली. म्हातारीनं पुन्हा तिचा चेहरा चाचपला, येलवालला चाचपला होता तसाच, पण या वेळी दोघींपैकी कुणीच हसलं नाही. मग शालिनी मला म्हणाली, "चला, फुलं राहिलीत अजून." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. गर्दीत ती पुढे आणि मी ते पुडकं छातीशी धरून मागे. फुलांच्या गल्लीत तिनं माळ मोजून घेतली, विक्रेत्यानं कमी मोजली तेव्हा त्याला टोकलंही. तेवढं बोलणं तिला जमत होतं.

मार्लमी

घरी गेल्यावर नागराज म्हणाला, "बिडी भावजी, सोडा, होतं असं. अप्पा काय रागावणार आहेत का?" आणि मग स्वतःच बाहेर जाऊन दुकानातून कोडबळ्यांचं पाकीट घेऊन आला. शालिनीनं ते बघितलं आणि ताटात ओतून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात मटणाच्या सारूचा वास होता. आपल्या रश्श्याहून पातळ, धन्याचा आणि खोबऱ्याचा स्वाद पुढे. मंजुळानं कज्जाय केले होते, आपल्या अनारशांचे भाऊबंद, फक्त खसखस नाही. आतल्या खोलीत भिंतीशी अप्पांचा फोटो, त्यापुढे ते लांब न फाटलेलं पान. मटण, भात, मुद्दे म्हणजे नाचणीच्या पिठाचे उकडलेले गोळे, कज्जाय, स्टीलच्या पेल्यात फिल्टरची कॉफी, विडा. घडी घातलेलं धोतर. शालिनीनं आपल्या हातानं कोडबळी ठेवली. एकसारखी, फिकट, यंत्रातून काढलेली. तिनं ती पानाच्या कडेला, विड्याच्या मागे ठेवली. मी ते पाहिलं आणि मान खाली घातली.

मग सगळे बाहेर आले आणि नागराजनं दार ओढून घेतलं. पितरांनी एकांतात जेवायचं, आपण बाहेर थांबायचं, अशी तिकडची पद्धत. आपण कावळ्याकडे आकाशात बघतो, ते बंद दाराकडे बघतात. दाराआड कुणी जेवत नाही हे मला माहीत आहे, मी काही फार देवभोळा माणूस नाही. तरी त्या दारापुढे बसून मला इतकी लाज वाटली की मी मनातल्या मनात अप्पांना हात जोडले. तुमच्या लेकीनं शोधून काढलं होतं हो, बरोबर तेच शोधलं होतं, तुमच्यापर्यंत मी येऊ दिलं नाही. हेच दोन-तीनदा म्हणत राहिलो.

थोड्या वेळानं नागराजनं दारावर टकटक केली, आतल्या माणसाला सावध करावं तशी, आणि दार उघडलं. पान तसंच होतं. आम्ही जेवायला बसलो. अप्पांच्या पानावरचं शालिनीला वाढलं. तिनं सगळं खाल्लं, ते पाकिटातलं कोडबळंही. "कसं आहे अक्का?" नागराजनं विचारलं. "बरं आहे की," ती म्हणाली.

कऱ्हाड

परत आल्यावर ते पुडकं मी स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर ठेवून दिलं. खायची माझी छाती होत नव्हती आणि टाकायचीही. प्रवासात शालिनी माझ्याशी नेहमीसारखीच बोलली होती, तिकिटाचं, पाण्याच्या बाटलीचं, मिरजेला गाडी थांबली तेव्हा चहाचं. मला वाटू लागलं होतं की निवळलं असेल.

एका दुपारी मी बाहेरून आलो तर ती स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. पुडकं पुढे उघडं. केळीचा सोप काळा पडला होता. माझं ते अर्धं कोडबळं तिनं बाजूला वेगळं काढलं होतं आणि एक अख्खं हातात धरून ती खात होती, हळूहळू, कडेकडेनं. थोडी मऊ पडली असणार, आवाज येत नव्हता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अप्पा गेल्याला सात महिने झाले होते. तिला रडताना मी त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं.

मी तिच्यासमोर बसलो. म्हणालो, "शालू, माझी चूक झाली."

"हेच," ती म्हणाली. "अगदी हेच होतं हो. काही म्हणजे काही बदललं नव्हतं तिनं."

मी पाण्याचा पेला पुढे केला. तिनं घेतला, प्यायली, पदरानं तोंड पुसलं. उरलेली कोडबळी तिनं एका डब्यात भरली आणि झाकण लावलं. आवाजात राग नव्हता, दूध संपलंय सांगावं इतकं साधं ती बोलली.

"पुढच्या मार्लमीला मी एकटीच जाईन हं."

पुट्टम्माची चूल पुढच्या वर्षी पेटणार नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. त्या बाजारात तिला आता आणायचं असं काही उरलेलं नाही. तरी मी बरोबर येतो असं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. मी बरं म्हणालो.